वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची ऑनलाइन विक्री आणि परताव्याचे वाद : एक विवेचन

प्रस्तावना

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर वापरलेला रेडिओ, टेपरेकॉर्डर अथवा संगणकाचा सुटा भाग घेणारा ग्राहक प्रथम ती वस्तू हातात घेतो, दुकानदारास ती चालू करून दाखवावयास सांगतो, उलटसुलट पाहतो आणि मगच भाव ठरवतो. पैसे दिले, वस्तू पिशवीत गेली की व्यवहार संपतो. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातील पाटी कायद्यास धरून असो वा नसो, तिच्यामागे एक व्यावहारिक गृहीत होते. ग्राहकाने माल डोळ्यांनी पाहिला आहे, तेव्हा त्याने तो जाणूनबुजून घेतला आहे, असे ते गृहीत होय.

ऑनलाइन विक्रीने हेच गृहीत नाहीसे केले. भारतात २००० साली सुरू झालेले बाझी डॉट कॉम हे लिलावाचे संकेतस्थळ २००४ मध्ये ईबे या अमेरिकन कंपनीने विकत घेतले आणि अनोळखी व्यक्तीस वापरलेली वस्तू विकण्याची सवय शहरी मध्यमवर्गास लागली. ईबेचे भारतातील हे संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. तथापि तोपर्यंत ओएलएक्ससारखी जाहिरातींची संकेतस्थळे आणि नूतनीकृत वस्तू विकणाऱ्या कंपन्या यांनी हा व्यवहार तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचविला होता. आज साताऱ्यातील मोबाईल दुरुस्तीचा दुकानदार नागपूरच्या विद्यार्थिनीस लॅपटॉप विकतो. दोघे परस्परांस कधीही भेटत नाहीत. वस्तू पोहोचते, ग्राहक असमाधानी होतो आणि पैसे परत मागतो. लहान विक्रेत्याच्या दृष्टीने अशा एका वादात आठवड्याची कमाई जाऊ शकते. ग्राहकाच्या दृष्टीने वर्षभराची बचत पणास लागलेली असते. म्हणूनच या वादांची हाताळणी हा विषय अभ्यासाचा ठरतो.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या ऑनलाइन विक्रीत परताव्याचे वाद का उद्भवतात, याची कारणमीमांसा करणे.
२. अशा वादांना लागू होणाऱ्या भारतीय कायद्यांतील तरतुदी स्पष्ट करणे.
३. विक्रेत्याने विक्रीपूर्वी व वाद उद्भवल्यानंतर अवलंबावयाची कार्यपद्धती मांडणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून त्यासाठी संबंधित अधिनियम, नियम व अर्थशास्त्रीय विचार यांचा आधार घेण्यात आला आहे. विवेचनातील उदाहरण काल्पनिक असून ते केवळ मुद्द्याच्या स्पष्टीकरणासाठी दिले आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी : माहितीची विषमता

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. विक्रेत्यास मोटारीचे दोष ठाऊक असतात, ग्राहकास ते ठाऊक नसतात. त्यामुळे ग्राहक चांगल्या मोटारीसही सरासरी किंमतच देऊ करतो. चांगल्या मोटारीचा मालक अशा किमतीस विकण्यास राजी होत नाही व बाजारातून बाहेर पडतो. मागे उरतो तो निकृष्ट माल. या कार्याबद्दल अकरलॉफ यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

वापरलेल्या मोबाईलच्या वा लॅपटॉपच्या बाजारास हा सिद्धांत तंतोतंत लागू पडतो. परताव्याची हमी हा या विषमतेवरील एक उपाय होय. माल सांगितल्यासारखा नसेल तर पैसे परत मिळतील, असा विश्वास असल्यासच अनोळखी माणसाकडून वस्तू घेण्यास ग्राहक धजावतो. या अर्थाने परतावा हा विक्रेत्याचा शत्रू नसून त्याच्या बाजाराचा आधार आहे.

मात्र दूरस्थ विक्रीत आणखी एक गोष्ट घडते. वस्तू पाठविण्यापूर्वी तिची स्थिती विक्रेत्यास ठाऊक असते व ग्राहकास नसते. वस्तू पोहोचल्यानंतर हीच विषमता उलट्या दिशेने काम करू लागते. आता वस्तू ग्राहकाच्या हाती असते. ती खरोखर बंद पडली की पाण्यात पडली, आतील बॅटरी बदलली गेली की नाही, हे विक्रेत्यास कळण्याचा मार्ग नसतो. परताव्याचा वाद नेमका या दोन अज्ञानांच्या सांध्यावर उभा राहतो. दोन्ही पक्ष प्रामाणिक असूनही तो उद्भवू शकतो, कारण वाटेत काय घडले हे दोघांनाही ठाऊक नसते. म्हणून वादाचा निर्णय बहुधा वस्तू हातातून सुटताना कोणत्या स्थितीत होती याचा पुरावा कोणाजवळ आहे, या एका प्रश्नावर येऊन ठेपतो. कोण खरे बोलतो याची पारख त्यानंतरची.

वादांचे प्रमुख प्रकार

व्यवहारात आढळणारे वाद स्थूलमानाने सहा प्रकारांत विभागता येतात.

१. वर्णनाशी विसंगती : जाहिरातीत सांगितलेली साठवण क्षमता, रंग, मॉडेल अथवा स्थिती प्रत्यक्षात न आढळणे.

२. वाहतुकीतील नुकसान : पडदा फुटणे, बिजागरी मोडणे, हार्ड डिस्क बंद पडणे.

३. कालांतराने प्रकट होणारा दोष : तपासताना ठीक वाटणारी वस्तू काही दिवसांनी बंद पडणे. बॅटरीविषयीच्या तक्रारी या प्रकारात विशेष येतात. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापरासोबत घटतेच. आयफोन १४ व त्यापूर्वीच्या मॉडेलांची बॅटरी ५०० पूर्ण चार्जिंग-चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी, अशी तिची रचना असल्याचे ॲपल कंपनी सांगते. आयफोन १५ पासून हा आकडा १,००० चक्रांचा आहे. वस्तू जुनी म्हणजे बॅटरी जुनी, हे विक्रेता गृहीत धरतो. ग्राहक मात्र ते गृहीत धरीत नाही.

४. खात्याचे कुलूप : पूर्वीच्या मालकाचे खाते न काढल्यामुळे फोन सुरूच न होणे. ॲपलने २०१३ मध्ये आणि गुगलने अँड्रॉइड ५.१ या आवृत्तीत २०१५ मध्ये चोरीस आळा घालण्यासाठी ही सोय आणली. विक्रेत्याच्या विसरभोळेपणामुळे तीच प्रामाणिक ग्राहकाची अडचण ठरते.

५. मनपरिवर्तन : वस्तूत दोष नसताना, स्वस्त पर्याय सापडला अथवा गरज संपली म्हणून परतावा मागणे.

६. अदलाबदल : चांगली वस्तू ठेवून घेऊन त्याच मॉडेलची बिघडलेली वस्तू, अथवा आतील भाग काढून घेतलेली वस्तू परत पाठविणे.

पहिल्या चार प्रकारांत ग्राहकाची मागणी बहुधा न्याय्य असते, पाचव्यात ती अटींवर अवलंबून असते आणि सहाव्यात ती फसवणूक असते. सर्व तक्रारींना एकच उत्तर देणे, म्हणजे सरसकट नकार अथवा सरसकट होकार, ही विक्रेत्यांची सर्वांत मोठी चूक ठरते.

कायदेशीर चौकट

अ) प्रासंगिक विक्रेता आणि नियमित विक्रेता

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये केंद्र शासनाने २३ जुलै २०२० रोजी ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम अधिसूचित केले. एखादी व्यक्ती वैयक्तिक नात्याने, नियमित वा पद्धतशीर व्यवसायाचा भाग नसलेली कृती करीत असेल, तर तिला हे नियम लागू होत नाहीत. घरातील जुना फोन एकदाच विकणारा नोकरदार या अपवादात मोडतो. दरमहा दहा फोन दुरुस्त करून विकणारा मात्र मोडत नाही. त्याच्याजवळ दुकान असो वा नसो.

नियमित विक्रेत्याविषयी नियम ६ स्पष्ट आहे. माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितलेली वा मान्य केलेली वैशिष्ट्ये त्यात नसतील, अथवा तो सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्यास तो परत घेण्यास किंवा रक्कम परत करण्यास नकार देता येत नाही. उशीर अपरिहार्य आपत्तीमुळे झाला असल्यास तेवढ्यापुरता अपवाद आहे.

प्रासंगिक विक्रेता हे नियम लागू नसले तरी मोकळा सुटत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ही शर्त प्रत्येक विक्रेत्यास बांधते. याउलट कलम १६ मधील माल विक्रीयोग्य दर्जाचा असण्याची गर्भित शर्त केवळ त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्यास लागू होते. सारांश, घरगुती विक्रेता आपण जे लिहिले त्यास जबाबदार असतो. व्यापारी आपण जे लिहिले नाही त्यासही काही अंशी जबाबदार असतो.

आ) ‘दोष’ कशास म्हणावे?

२०१९ च्या अधिनियमातील दोषाची व्याख्या विक्रेत्याने बारकाईने वाचावी अशी आहे. कायद्यानुसार वा करारानुसार आवश्यक असलेल्या, अथवा व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे दावा केलेल्या गुणवत्तेतील व दर्जातील उणीव म्हणजे दोष. म्हणजेच वापरलेल्या वस्तूच्या बाबतीत दोष मोजण्याची पट्टी मुख्यतः विक्रेत्याच्याच वर्णनातून तयार होते. ‘झाकणावर ओरखडा आहे, बॅटरी सुमारे एक तास चालते’ असे लिहून विकलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत ओरखडा वा एक तासाची बॅटरी हा दोष ठरणे कठीण. ‘नव्यासारखा, उत्तम स्थितीत’ असे लिहिले की तोच ओरखडा दोष होतो. विक्रेते विक्री व्हावी म्हणून उणिवा झाकतात. वास्तविक प्रत्येक उघड केलेली उणीव ही भावी वादातून वगळली गेलेली उणीव असते.

जुनी वा दुरुस्त केलेली वस्तू नवीन म्हणून विकणे ही याच अधिनियमाच्या कलम २(४७) अन्वये अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच कलमानुसार, सदोष माल बिलात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन रक्कम देण्यास नकार देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा होय. त्यामुळे दुकानातील ती सुपरिचित पाटी सदोष मालाच्या बाबतीत विक्रेत्यास संरक्षण देत नाही. ग्राहकाचे मन बदलले एवढेच कारण असल्यास मात्र परतावा देण्याचे सर्वसाधारण बंधन कायद्यात नाही. तेथे विक्रेत्याने व संकेतस्थळाने जाहीर केलेल्या अटी लागू होतात.

इ) तपासणी, स्वीकार आणि अंशतः भरपाई

मालविक्री अधिनियमाच्या कलम ४१ नुसार, आधी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळाल्याखेरीज ग्राहकाने तो स्वीकारला असे मानले जात नाही. कलम ४२ नुसार, नकार न कळविता वाजवी काळापर्यंत माल ठेवून घेतल्यास मात्र तो स्वीकारला गेला असे मानले जाते. एकदा स्वीकार झाला की सर्वसाधारणपणे ग्राहकास संपूर्ण व्यवहार मोडता येत नाही. कलम १३ व ५९ अन्वये तो नुकसानभरपाई मागू शकतो किंवा किमतीत घट मागू शकतो. ‘पूर्ण परतावा अथवा काहीच नाही’ ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. अंशतः परतावा हा केवळ तडजोडीचा भाग नाही, त्यास कायद्यात आधार आहे.

योग्य कारणाने माल नाकारणारा ग्राहक, वेगळा करार नसल्यास, तो स्वतः परत पोहोचविण्यास बांधील नसतो. नकार कळविणे पुरेसे असते, असे कलम ४३ सांगते. दोष विक्रेत्याकडील असेल तर परतीचा वाहतूक खर्च ग्राहकावर लादणे म्हणूनच अयोग्य ठरते.

ई) वाटेतील नुकसान कोणाचे?

कलम ३९ नुसार माल वाहतूकदाराच्या स्वाधीन करणे म्हणजे सकृद्दर्शनी ग्राहकास देणे होय. परंतु मालाचे स्वरूप पाहता विक्रेत्याने वाहतुकीचा वाजवी करार केला नसेल आणि माल वाटेत हरवला वा खराब झाला, तर ग्राहक ते देणे मानण्यास नकार देऊ शकतो. शिवाय बहुतेक ऑनलाइन व्यवहारांत माल सुस्थितीत पोहोचविण्याचे आश्वासन अटींतच असते. कुरिअरच्या चुकीचे कारण ग्राहकास सांगून भागत नाही. कुरिअरकडील दावा विक्रेत्यानेच लढवावा लागतो. काचेचा पडदा असलेली वस्तू साध्या पाकिटात पाठविणाऱ्यास हा दावाही मिळणे अवघड.

विक्रीपूर्व दक्षता

वरील विवेचनावरून, परताव्याचा वाद वस्तू पाठविण्यापूर्वीच बऱ्याच अंशी जिंकला वा हरला जातो, हे स्पष्ट होते. त्या दृष्टीने पुढील बाबी आवश्यक ठरतात.

ओळख नोंदविणे : प्रत्येक मोबाईल फोनला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो, *#०६# ही कळ दाबल्यास तो पडद्यावर दिसतो. लॅपटॉप, हार्ड डिस्क, एसएसडी व कॅमेरा यांनाही अनुक्रमांक असतात. हे क्रमांक बिलावर लिहावेत. अदलाबदलीच्या आरोपास याहून प्रभावी उत्तर नाही. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या पोर्टलवर आयएमईआय क्रमांक वैध आहे काय, हे तपासता येते. दुकानदाराने स्वतः जुना फोन विकत घेतानाच ही तपासणी करावी, अन्यथा चोरीचा माल विकल्याचे संकट ओढवते.

स्थिती मोजणे : ‘बॅटरी चांगली’ हे मत आहे, ‘बॅटरीची कमाल क्षमता ८४ टक्के’ ही नोंद आहे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ही टक्केवारी दिसते. विंडोज संगणकावर बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय असून त्यात मूळ व सध्याची क्षमता दोन्ही येतात. हार्ड डिस्क किती तास चालली, याची नोंद तिच्यातच असते व ती साध्या सॉफ्टवेअरने वाचता येते. शक्य तेथे विशेषणाऐवजी आकडा द्यावा.

उणिवांची छायाचित्रे : प्रत्येक ओरखडा, डाग वा बदललेला भाग छायाचित्रासह जाहिरातीत द्यावा. पडदा वा बॅटरी मूळ कंपनीची नसल्यास तसे स्पष्ट लिहावे.

खाते काढणे : आपले सर्व खाते काढून, वस्तू मूळ स्थितीत आणून, ती कोणतेही खाते न मागता सुरू होते हे पाहावे.

सलग चित्रीकरण : वस्तू चालू स्थितीत, तिचा अनुक्रमांक, वेष्टनात ठेवणे, वेष्टन बंद करणे आणि त्यावरील पत्त्याची चिठ्ठी हे सर्व मध्येच न थांबविता एकाच चित्रफितीत घ्यावे. तुकड्यातुकड्यांच्या चित्रफितीस पुरावा म्हणून फारसे वजन राहत नाही.

परताव्याच्या अटी : तपासणीची मुदत, परतीची पद्धत, परतीचा खर्च कोणी सोसावा आणि रक्कम किती दिवसांत मिळेल, हे सोप्या मराठीत वा ग्राहकास समजणाऱ्या भाषेत आधीच लिहावे.

ग्राहक आयोगापुढील तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. म्हणून या सर्व नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवणे हितावह होय. मूळ फाईल न बदलता ठेवावी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. फौजदारी वा दिवाणी न्यायालयात जाण्याची वेळ आल्यास मूळ फाईल हाती असणे अगत्याचे ठरते.

वाद उद्भवल्यानंतरची कार्यपद्धती

तक्रार आल्यावर प्रथम तिची लेखी पोच द्यावी. ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे व एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे; लहान विक्रेत्यानेही हीच मर्यादा स्वतःस घालून घ्यावी. त्यानंतर ग्राहकाकडून दोषाची चित्रफीत, अनुक्रमांकाचे छायाचित्र व वेष्टनाचे छायाचित्र मागवावे. ही मागणी संशयाच्या सुरात नव्हे तर कारण सांगून करावी. ‘दोष पाहून आजच निर्णय कळवितो’ असे लिहिणाऱ्या विक्रेत्याशी ग्राहक सहकार्य करतो; ‘तुम्हीच मोडले असेल’ असे लिहिणाऱ्याविरुद्ध तो आयोगाकडे जातो. सर्व संवाद संकेतस्थळाच्या संदेशव्यवस्थेतच ठेवावा. फोनवर बोलणे झाल्यास त्याचा सारांश लेखी पाठवावा.

एका उदाहरणाने ही प्रक्रिया अधिक स्पष्ट होईल. समजा, वर उल्लेखिलेल्या साताऱ्याच्या दुकानदाराने लॅपटॉप २२,००० रुपयांस विकला. जाहिरातीत ‘झाकणावर ओरखडा, बॅटरी अडीच तास’ असे लिहिले होते. चौथ्या दिवशी विद्यार्थिनीने कळविले की, झाकण खराब आहे व बॅटरी चाळीस मिनिटांत संपते. येथे तक्रारी दोन आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. ओरखडा आधीच सांगितला होता. त्यासाठी काही देणे लागत नाही. बॅटरीविषयीचा दावा मात्र वस्तुस्थितीशी जुळत नाही. दुकानदाराने पाठवणीपूर्वी बॅटरीचा अहवाल काढला असेल तर तो आताच्या अहवालाशी ताडून पाहता येईल. क्षमता दोन्हींत सारखीच कमी असेल, तर चूक जाहिरातीची आहे. तशा वेळी त्याने दोन पर्याय द्यावेत. एक, त्याच्या खर्चाने लॅपटॉप परत व पूर्ण २२,००० रुपये. दोन, लॅपटॉप तिच्याकडेच ठेवून नव्या बॅटरीचे, समजा, ३,५०० रुपये. निवड तिची असावी आणि मान्य झालेली तडजोड लेखी असावी.

आता नकाराचा हिशेब पाहू. विद्यार्थिनी राहते त्या नागपूरच्याच जिल्हा आयोगात तक्रार दाखल करू शकते, कारण २०१९ च्या अधिनियमाने तक्रारदाराच्या निवासस्थानी तक्रार करण्याची मुभा दिली आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही. दुकानदारास नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत, लेखी म्हणणे द्यावे लागते. त्यापुढे मुदत वाढविता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये दिला आहे. आयोग रकमेसह नुकसानभरपाई व खर्चही देववू शकतो. साडेतीन हजारांचा प्रश्न अशा रीतीने कितीतरी महाग पडतो.

वस्तू परत आली तर तिचे वेष्टनही सलग चित्रीकरण करीतच उघडावे, अनुक्रमांक बिलाशी ताडावेत व आतील भाग तपासावेत. सर्व जुळल्यास ठरल्या मुदतीत रक्कम द्यावी. ती ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने परत जावी. संकेतस्थळामार्फत झालेल्या व्यवहाराचा परतावा परस्पर दिल्यास संकेतस्थळाकडूनही पुन्हा रक्कम कापली जाण्याचा धोका असतो. अनुक्रमांक न जुळल्यास वस्तू आहे तशी बाजूला ठेवून, पुराव्यासह संकेतस्थळाकडे व ग्राहकाकडे लेखी हरकत नोंदवावी. हेतुपुरस्सर अदलाबदल स्पष्ट दिसत असेल तर भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१८ मधील फसवणुकीच्या तरतुदीनुसार पोलिसांत तक्रार करता येते. तथापि एखादी चूक वा गैरसमज असल्याची शक्यता संपेपर्यंत पोलिसांची भाषा वापरू नये.

परताव्याच्या नावाखाली होणारी फसवणूक

काही वेळा वाद खरा नसतोच. चुकून जास्त रक्कम पाठविली, फरक परत करा, असे सांगून बनावट संदेशाचे चित्र दाखविले जाते. किंवा परताव्यासाठी क्यूआर संकेत स्कॅन करण्यास सांगितले जाते. रक्कम जमा झाली की नाही हे बँकेच्या खात्यातच पाहावे, संदेशावर विसंबू नये. यूपीआयद्वारे पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला जात असेल तर पैसे जात आहेत, येत नाहीत. रक्कम गेल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीवर कळवावे. ही खबरदारी ग्राहकासही तितकीच लागू आहे, कारण परतावा देतो म्हणून ग्राहकाकडूनच पैसे काढणारेही असतात.

निष्कर्ष

१. परताव्याच्या वादाचे मूळ केवळ अप्रामाणिकपणात नसून माहितीच्या विषमतेत आहे. ही विषमता वस्तू पोहोचताच दिशा बदलते.
२. वापरलेल्या वस्तूच्या बाबतीत दोष ठरविण्याचे मुख्य माप विक्रेत्याचे स्वतःचे वर्णन हे आहे. म्हणून उणिवा उघड करणे हे नीतीचे तसेच स्वसंरक्षणाचे साधन ठरते.
३. प्रासंगिक व नियमित विक्रेत्यांच्या जबाबदाऱ्या भिन्न आहेत. वर्णनाशी जुळणारा माल देण्याची जबाबदारी मात्र दोघांचीही आहे.
४. अंशतः परतावा हा कायद्यास धरून असलेला व बहुतेक प्रकरणी उभयतांस कमी खर्चाचा मार्ग आहे.

सूचना

१. ऑनलाइन संकेतस्थळांनी वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या जाहिरातीत अनुक्रमांक, बॅटरीची क्षमता व बदललेले भाग यांचे रकाने सक्तीचे करावेत.
२. परताव्याच्या अटी प्रादेशिक भाषांत उपलब्ध असाव्यात.
३. महाविद्यालयांच्या वाणिज्य विभागांनी व ग्राहक मंडळांनी लहान दुकानदारांसाठी नोंदी ठेवण्याचे प्रशिक्षण आयोजित करावे.
४. ग्राहकांनी वेष्टन उघडताना चित्रीकरण करावे, दोष त्वरित लेखी कळवावा आणि विक्रेत्याकडून दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा आधी उपयोग करावा.

समारोप

जुन्या बाजारातील ग्राहक वस्तू हातात घेऊन पारखत असे. ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाचे हात तेथवर पोहोचत नाहीत; त्यांच्या जागी विक्रेत्याचे शब्द, आकडे व छायाचित्रे येतात. ती प्रामाणिक असतील तर बहुतेक वाद उद्भवणार नाहीत आणि उद्भवले तरी लवकर मिटतील. वापरलेली वस्तू पुन्हा वापरात येणे हे विद्यार्थ्यास परवडणारे, दुकानदारास रोजगार देणारे व ई-कचरा कमी करणारे आहे. हा व्यवहार टिकावयाचा असेल तर परताव्याकडे पराभव म्हणून न पाहता विश्वासाची किंमत म्हणून पाहण्याची सवय विक्रेत्यांनी लावून घेणे आवश्यक आहे.